लाइट गेली की मॉनिटर सगळे विसरतो: दहा खाटांच्या आयसीयूतील एक प्रकरण

जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूतील तक्रारवहीत तीन महिने एकच वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत येत होते: "मॉनिटर आपोआप सेटिंग बदलतो." सोबत किरकोळ वाटणाऱ्या आणखी तीन नोंदी होत्या. बेड ४ च्या ईसीजीची रेघ जाड येते, बेड ७ चा हार्ट रेट दुप्पट दाखवतो, बेड २ चे बीपी नेहमी जास्त येते. देखभाल कंत्राटाचा इंजिनीअर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने सिम्युलेटर (रुग्णाऐवजी कृत्रिम ठोके देणारे यंत्र) जोडला, ६०, ८० आणि १२० ठोके बरोबर मोजले गेले, आणि "कार्यरत, दोष आढळला नाही" असा सेवा अहवाल सहीसह फाइलला लागला.

अहवाल खोटा नव्हता. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या उपकरण देखभाल कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयासाठी ९५ टक्के 'अपटाइम'ची (उपकरण चालू असण्याच्या वेळेची) अट आहे. त्या हिशेबात हे दहाही मॉनिटर 'चालू'च धरले जातात. पडदा उजळला, आकडे दिसले की यंत्र चालू. त्या आकड्यांभोवती अलार्मच्या कोणत्या मर्यादा लागल्या आहेत, हे अपटाइमच्या रकान्यात कुठेच येत नाही.

प्रकरण प्रातिनिधिक आहे: निरनिराळ्या विभागांत सुटे सुटे दिसणारे दोष इथे एकाच आयसीयूत मांडले आहेत. दहा मॉनिटर एकाच मॉडेलचे, पण दोन खेपांत घेतलेले: आधी सहा, नंतर चार. सर्वांवर ईसीजी, श्वसन, एसपीओटू (रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी), एनआयबीपी (कफने मोजलेला रक्तदाब) आणि तापमान, दोनांवर आयबीपीही (रक्तवाहिनीत घातलेल्या नळीतून थेट मोजलेला रक्तदाब). सिस्टरांच्या टेबलावर सर्व बेड एकत्र दाखवणारे एक सेंट्रल स्टेशन.

जनरेटरची वही

"आपोआप" हा शब्द तक्रारीत आला की पहिला प्रश्न वेळेचा. नोंदी तारखेनुसार लावल्यावर दिसले की सेटिंग बदलल्याची तक्रार जवळजवळ नेहमी रात्रपाळीची किंवा सकाळी चार्ज (पाळीचा ताबा) देताना लिहिलेली आहे. तक्रार आलेल्या मॉनिटरांचा ट्रेंड (साठवलेल्या आकड्यांचा आलेख) उघडला तर त्या त्या रात्री आलेखात काही मिनिटांची खिंडारे होती. म्हणजे मॉनिटर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता.

खिंडारांच्या वेळा जनरेटर खोलीतील वहीशी जुळवायच्या, तर घड्याळे आड आली. दहा मॉनिटरांची घड्याळे ४ ते १७ मिनिटे मागे होती, प्रत्येकाचे वेगळे. उपाय साधा आहे: प्रत्येक मॉनिटरच्या घड्याळाशेजारी नेटवर्कची वेळ दाखवणारा मोबाइल धरून फोटो घ्यायचा, दहा फरकांची यादी करायची आणि ट्रेंडमधल्या वेळांत तो फरक मिळवायचा. हे केल्यावर खिंडारे आणि "लाइट गेली – जनरेटर चालू" या नोंदी एकमेकींवर चपखल बसल्या.

पण लाइट तर दिवसाही जात होती, आणि दिवसा सेटिंग बदलल्याची तक्रार नव्हती. इथे मॉनिटरची एक सवय माहीत असावी लागते, जी मॅन्युअलमध्ये असते आणि सहसा कोणी वाचत नाही. या मॉडेलमध्ये मॉनिटर ६० सेकंदांपेक्षा कमी वेळ बंद राहिला, तर सुरू होताना शेवटची सेटिंग परत घेतो. १२० सेकंदांपेक्षा जास्त बंद राहिला, तर ठरवून दिलेले मूळ कॉन्फिगरेशन उचलतो. मधल्या मिनिटात दोन्हींपैकी काहीही होऊ शकते. यामागचा विचार बरोबरच आहे: क्षणभर वीज गेली तर रुग्ण तोच असणार, बराच वेळ बंद होता तर बहुधा नवा रुग्ण आला असणार. इतर कंपन्यांच्या मॉनिटरांत हे आकडे वेगळे असू शकतात. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच ते घ्यावेत.

दिवसा इलेक्ट्रिशियन जवळ असे, जनरेटरचा भार पाऊण ते सव्वा मिनिटात येई. रात्री आपोआप सुरू होणाऱ्या पॅनेलचा स्विच 'मॅन्युअल'वर ठेवलेला असे, ऑपरेटर खोलीतून उठून येईपर्यंत चार ते सहा मिनिटे जात. मग बॅटरी कशासाठी असते?

बॅटरीचे चिन्ह

पडद्यावर दहाही बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या दिसत होत्या. रुग्ण दुसऱ्या मॉनिटरवर घेऊन एकेकाची वायर काढली, तेव्हा सात मॉनिटर ४० सेकंदांच्या आत बंद पडले. उरलेले तीन (बेड १, ५ आणि ९) तासाहून अधिक चालले. त्यांच्या बॅटऱ्या आदल्या वर्षी बदललेल्या होत्या.

लिथियम-आयन बॅटरी वर्षानुवर्षे पूर्ण चार्जवर, भिंतीला चिकटलेल्या मॉनिटरच्या उबेत राहिली की तिची क्षमता आटते. ती कधी उतरतच नसल्याने आतल्या मापकाला ही घट कळत नाही, आणि चिन्ह भरलेलेच दिसते. ११.१ व्होल्ट, ४.४ अँपिअर-तासाच्या बॅटरीत नवी असताना सुमारे ४९ वॉट-तास असतात. हा मॉनिटर साधारण २५ वॉट ओढतो, म्हणजे दोन तासांच्या आसपास चालायला हवा. चाचणी अशी करावी: पूर्ण चार्ज, सर्व केबल जोडलेल्या, एनआयबीपी दर १५ मिनिटांनी, पडद्याची चमक नेहमीची, वायर काढायची आणि बंद होईपर्यंतची वेळ घ्यायची. इथे ६० मिनिटांखालची बॅटरी बाद, अशी मर्यादा ठरवली. उतरवून पुन्हा पूर्ण भरण्याचे हे चक्र पार पडले की मापकही ताळ्यावर येते.

यूपीएस होता. त्याच्या लाल सॉकेटांवर सिरिंज पंपांचे चार्जर, एअर गादीचा पंप आणि दोन मोबाइल लावलेले होते. मॉनिटर एक्स्टेंशन बोर्डवरून थेट लाइनवर. दहा मॉनिटरांचा भार जास्तीत जास्त धरला तरी ६०० वॉटच्या पलीकडे जात नाही. यूपीएसला तो सहज पेलत होता. जागा अडवली गेली होती एवढेच.

तर साखळी अशी: रात्री लाइट जाते, बॅटरी ४० सेकंदांत मान टाकते, मॉनिटर दोन मिनिटांहून जास्त बंद राहतो, उठल्यावर कारखान्याचे मूळ कॉन्फिगरेशन घेतो. त्यात हार्ट रेट ५० ते १२०, एसपीओटू ९० खाली अलार्म, सिस्टॉलिक ९० ते १६०, श्वसन ८ ते ३०. संध्याकाळी डॉक्टरांनी सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णासाठी एसपीओटूचे लक्ष्य ८८ ते ९२ ठरवून खालची मर्यादा ८६ केलेली असते. रात्री अडीचला ती पुन्हा ९० होते. रुग्ण ८९ वर स्थिर, मॉनिटर पहाटेपर्यंत ओरडतो. सिस्टर दोन मिनिटांचा 'पॉझ' दाबते, पुन्हा दाबते, आणि एका क्षणी तो अलार्मच बंद करते. तिला दोष देता येत नाही. दहा बेडना सिस्टर दोघीच असतात.

रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतील जॉइंट कमिशन या संस्थेने एप्रिल २०१३ च्या सूचनापत्रात जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळातील अलार्मशी संबंधित ९८ घटना मोजल्या होत्या. त्यांपैकी ८० मध्ये रुग्ण दगावले. कारणांत चुकीच्या मर्यादा आणि बंद करून ठेवलेले अलार्म ही दोन्ही आहेत.

चांगल्या बॅटरीचे तीन मॉनिटर

बेड १, ५ आणि ९ कधी बंदच पडत नव्हते, म्हणून त्यांच्याबद्दल तक्रार शून्य. तेच जास्त घातक निघाले. बेड ५ वर एसपीओटूचा अलार्म बंद होता, आणि तो कोणत्या रुग्णासाठी कधी बंद केला हे कुणालाच सांगता येईना. बेड ९ वर पेसमेकरचा पर्याय 'हो'वर होता. खाटेवरच्या रुग्णाला पेसमेकर नव्हता.

कारण: रुग्ण वॉर्डात हलवला की केबल काढून गुंडाळतात, पण मॉनिटरवर 'डिस्चार्ज पेशंट' कोणी दाबत नाही. नवा रुग्ण जुन्याच्या मर्यादांवर येतो. पेसमेकर नसताना तो पर्याय चालू राहिला तर विजेच्या गोंगाटातील टोके पेसरचे ठोके समजली जाऊ शकतात. याच्या उलट, पेसमेकर असून पर्याय बंद असेल, तर हृदय थांबल्यावरही पेसरचे टोक ठोका म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो, आणि पडद्यावर ७० चा हार्ट रेट निवांत दिसत राहतो. म्हणून नवा रुग्ण घेताना तीन गोष्टी सक्तीच्या केल्या: जुना डिस्चार्ज, रुग्णाचा प्रकार (प्रौढ, बालक, नवजात), पेसमेकर हो की नाही. रुग्णाचा प्रकार चुकला तर फक्त मर्यादा चुकत नाहीत. एनआयबीपीचा दाबही बदलतो. प्रौढ मोडमध्ये कफ ३०० मिमी पाऱ्यापर्यंत जाऊ शकतो, नवजात मोडची कमाल १५० आहे.

बेड ४ ची जाड रेघ

आठ महिन्यांपूर्वी या मॉनिटरचा मेन बोर्ड बदलला होता. बोर्ड चांगला होता, पण तो आला कारखान्याच्या सेटिंगसह, आणि त्यात मेन्स फिल्टर (विजेच्या लाइनचा गोंगाट कापणारा) ६० हर्ट्झवर होता. आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे फिल्टर इथे नसलेली वारंवारता कापत होता आणि खरा गुंजारव तसाच सोडत होता.

ओळखायची पद्धत कागदावर आहे. २५ मिमी प्रतिसेकंद वेगाने पट्टी काढा. ५ मिमीचा मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. त्यात बारीक लाटा मोजा. नेमक्या १० आल्या तर ती ५० हर्ट्झची वीज. अनियमित, कमीजास्त उंचीच्या आल्या तर स्नायूंची थरथर; तिथे फिल्टरशी खेळून उपयोग नाही, इलेक्ट्रोड मांसल जागेवरून हाडाजवळ घ्यावेत.

मात्र फिल्टर ५० वर नेऊन प्रकरण मिटवले असते, तर खाली दडलेली दुसरी गोष्ट सुटली असती. म्हणून क्रम उलटा ठेवला. बेड ९ ची चांगली बॅटरी बेड ४ ला बसवली आणि वायर काढली. लाटांची उंची निम्म्याहून कमी झाली. बॅटरीवर गोंगाट उतरतो म्हणजे संशय अर्थिंगवर. सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११ व्होल्ट मिळाले. २-३ व्होल्टच्या वर गेले की तपासायला हवे. भिंतीतल्या जोडपेटीत अर्थची तार सुटलेली होती. शिवाय एक्स्टेंशन बोर्डचा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये खोचलेला. म्हणजे अर्थ दोन ठिकाणी तुटलेला, आणि त्याच रुग्णाला आयबीपीची लाइन. तार जोडली, ॲडॉप्टर फेकले, मॉनिटर थेट लाल सॉकेटवर घेतला. न्यूट्रल–अर्थ १.२ व्होल्टवर आले. मग फिल्टर ५० केला आणि रेघ स्वच्छ झाली.

यानंतर दहाही मॉनिटरांची विद्युत सुरक्षा चाचणी आयईसी ६२३५३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे: वायरसह संरक्षक अर्थचा रोध ०.३ ओहमच्या आत, आणि सीएफ प्रकारच्या (हृदयाशी थेट जोडता येईल इतक्या सुरक्षित) लीडमधून गळणारा प्रवाह ५० मायक्रोअँपिअरच्या आत. दोन पॉवर कॉर्ड बाद झाल्या. दोन्ही प्लगजवळ वाकवून वाकवून आतून तुटलेल्या.

बेड ७: पाच रंगांचा गोंधळ

इथे यंत्रही ठीक, सेटिंगही ठीक. लीडचा संच बदलताना स्थानिक पुरवठादाराने अमेरिकन रंगांचा दिला. विभागातील बाकी नऊ संच आयईसी रंगांचे: उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा, छाती पांढरी. अमेरिकन संचात उजवा हात पांढरा, डावा हात काळा, डावा पाय लाल, उजवा पाय हिरवा, छाती तपकिरी. पाचांपैकी चार रंग दोन्हीकडे आहेत आणि चौघांची जागा वेगळी. सिस्टरने सवयीप्रमाणे लाल उजव्या खांद्याला, पांढरी छातीला लावली. पिवळी सापडेना म्हणून उरलेली तपकिरी डाव्या खांद्याला. ईसीजीच्या लीड दोन या रेघेत क्यूआरएस (ठोक्याचे मुख्य टोक) उलटा आला, टी लहर (त्यामागची लाट) त्याच्याइतकीच मोठी झाली, तीही ठोका धरली गेली आणि ७८ ठोके १५६ म्हणून मोजले गेले.

तो संच काढून टाकला. रंगांचा तक्ता चिकटवून दोन्ही संच वापरणे हा उपाय नाही; रात्री तीनला तक्ता कोणी वाचत नाही. खरेदीच्या मागणीपत्रात आता "आयईसी रंग, पाच लीड, क्लिप प्रकार" असे स्पष्ट लिहिले जाते. एसपीओटू प्रोबबाबतही (बोटाला लावायच्या सेन्सरबाबतही) हीच सावधगिरी हवी: कनेक्टर बसतो म्हणून प्रोब जुळतो असे नाही, मॉनिटरमधले तंत्रज्ञान आणि प्रोबमधले कोडिंग एकमेकांचे असावे लागते.

बेड २ चे बीपी

येथे दोन वेगळे दोष एकावर एक चढले होते. पहिला कफचा. विभागात एकाच मापाचे कफ होते. कफची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि आतल्या फुग्याची लांबी ८० टक्के हवी. जाड दंडावर लहान कफ लावला की आकडा चढतो. दुसरा गळतीचा. ५०० मिलिलिटरचे कडक भांडे, टी-जोड आणि कॅलिब्रेट केलेला मॅनोमीटर (दाबमापक) मॉनिटरच्या नळीला लावून मेंटेनन्स मेनूतून गळती चाचणी घेतली. मान्य मर्यादा मिनिटाला ६ मिमी पारा, इथे १४. कनेक्टरमधली ओ-रिंग तडकलेली होती. ती बदलल्यावर २ वर आली. गळतीने आकडा चढत नाही, मोजणी लांबते आणि कफ पुन्हा पुन्हा फुगतो, त्यामुळे दुखऱ्या हाताचा रुग्ण ताणला जातो. मग ५०, १५०, २०० आणि २५० वर स्थिर दाब पडताळला. फरक ±३ च्या आत, म्हणून कॅलिब्रेशनला हात लावला नाही. आत असलेले कॅलिब्रेशन उगाच 'नीट' करू नये.

कॉन्फिगरेशन बसवणे

कारखान्याची सेटिंग मूळ म्हणून राहिली तर नव्या बॅटऱ्याही एक दिवस म्हाताऱ्या होऊन हेच पुन्हा घडवतील. म्हणून विभागाचे स्वतःचे मूळ कॉन्फिगरेशन तयार केले. आधी कागद: आयसीयूचे डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर आणि बायोमेडिकल इंजिनीअर यांच्या सह्यांचे एक पान. त्यात हार्ट रेट ४५ ते १३०. एसपीओटू ८८ खाली आणि १० सेकंदांचा विलंब. तीव्र घसरणीचा अलार्म ८० वर, लाल पातळीचा, न बदलण्याजोगा. सिस्टॉलिक ८५ ते १७०. अॅप्निया (श्वास थांबणे) २० सेकंद. ईसीजी मॉनिटर मोड ०.५ ते ४० हर्ट्झ, मेन्स फिल्टर ५०. हे आकडे या विभागाच्या रुग्णांसाठी ठरले आहेत. दुसऱ्या आयसीयूने उचलून लावू नयेत. अलार्मचा आवाज किमान पातळीच्या खाली जाऊ नये म्हणून कुलूपबंद केला, आणि ध्वनी थांबवण्याची कमाल मुदत दोन मिनिटे. मेंटेनन्सचा पासवर्ड कारखान्याचाच होता आणि एका मॉनिटरच्या पाठीवर स्टिकरवर लिहिलेला, तो बदलला.

एका मॉनिटरवर सर्व बसवून ते वापरकर्ता कॉन्फिगरेशन म्हणून जतन केले, सुरुवातीला हेच उचलावे असे ठरवले, मग पेनड्राइव्हवर काढले. पहिल्या सहांवर फाइल चढली. नंतरच्या चारांनी नाकारली, कारण सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी. त्यांच्यासाठी एकावर हाताने भरून दुसरी फाइल केली. दोन्ही फाइलींच्या नावात आवृत्ती आणि तारीख घातली. "नवीन फायनल २" अशा नावाची फाइल सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाही. चढवल्यानंतर प्रत्येकाचा बेड क्रमांक आणि आयपी पत्ता (नेटवर्कवरची ओळख) पाहिला. दोन मॉनिटरांवर एकच पत्ता राहिला तर सेंट्रल स्टेशनवर एक बेड येतो-जातो आणि दोष नेटवर्क केबलवर ढकलला जातो. घड्याळे सेंट्रल स्टेशनशी जुळवली.

पडताळणी दोन भागांत झाली. पहिला सिम्युलेटरवर: ८० ठोके, १४०, ४०, मग हृदय थांबल्याची अवस्था. थांबल्यापासून अलार्म १० सेकंदांच्या आत आणि टेबलाजवळ ऐकू येईल इतका हवा. एसपीओटूच्या सिम्युलेटरने प्रोब आणि अलार्म चालतात का एवढेच कळते. अचूकता त्यातून सिद्ध होत नाही, तसा दाखला कोणी दिला तर तो मान्य करू नये. दुसरा भाग कंत्राटाच्या कोणत्याच चाचणीत नव्हता: बॅटरी आणि वायर दोन्ही काढून मॉनिटर १५० सेकंद बंद ठेवायचा, सुरू करून पानावरच्या मर्यादांशी ओळ-ओळ ताडायचा. बेड ८ यात नापास झाला. फाइल चढली होती, पण ती मूळ म्हणून निवडायची राहून गेली होती. बोर्ड बदलल्यावर हीच चाचणी झाल्याशिवाय आता सेवा अहवालावर सही होत नाही.

सात बॅटऱ्या बदलल्या. दहांवर बसवल्याची तारीख आणि पुढच्या चाचणीचा महिना लिहिला. मॉनिटर लाल सॉकेटवर गेले, मोबाइल चार्जर भिंतीच्या साध्या सॉकेटवर. जनरेटरच्या पॅनेलचा स्विच 'ऑटो'वर टिकत नाही, कारण त्याचा एक रिले अडकतो. ते काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे पत्राने गेले आहे. तोवर रात्रीच्या ऑपरेटरच्या खोलीत आयसीयूतून वाजणारी घंटा बसवली आहे. सीओपीडीच्या रुग्णांसाठी खालची मर्यादा ८६ ची अजूनही प्रत्येक वेळी हातानेच लावावी लागते, आणि मॉनिटर दोन मिनिटांहून अधिक बंद राहिला तर तीही जाते; त्यामुळे लाइट येऊन गेल्यावर कोणत्या बेडला मर्यादा पुन्हा लावायच्या, ती यादी चार्ज देण्याच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहिली जाते.